कपाट भरलेले, दोरीवर मात्र तेच चार

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस, संपत आला की शिंप्यांच्या दुकानांतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळू लागतात. तरावीहची नमाज आटोपून लोक घरी न जाता कापडाची पिशवी घेऊन तिकडे वळतात. ‘मास्टर, चाँदरातच्या आधी मिळेल ना?’ हा प्रश्न आणि ‘बघतो ना ताई, बघतो’ हे उत्तर, दोन्ही दरवर्षी ठरलेले. यंदा गुढीपाडवा आणि ईद अगदी पाठोपाठ येत असल्याने आमच्या शेजारच्या काकूही त्याच रांगेत असतात. त्यांच्या नातवाचा सदरा आणि आमच्या पुतण्याचा कुर्ता एकाच मशीनखालून निघतो. पुढे लग्नसराई आहेच.

म्हणजे नवे कपडे घेण्याचा मोसम ऐन भरात असताना मी कपडे कमी करण्याबद्दल लिहायला बसले आहे. काहींना हे विरजण घालणे वाटेल. पण मला सण फिका करायचा नाही. कपाट उघडल्यावर ‘घालायला काहीच नाही’ असे जे वाटते, त्याचा थोडा विचार करायचा आहे. तो विचार करायला रमजानइतका चांगला महिना नाही, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगते.

दोरी खरे बोलते

रमजानमध्ये आपल्या सगळ्या सवयी उघड्या पडतात. किती खातो, किती बोलतो, किती झोपतो, हे त्या महिन्यात कळते. कपड्यांचेही तसेच. पहाटे सेहरीला उठायचे, दिवसभर कामावर जायचे, पाच वेळा वजू करायची, इफ्तारीची तयारी करायची, रात्री तरावीहला उभे राहायचे. अंगावरचा कपडा स्वच्छ हवा, सैल हवा, रुकू-सिजद्यात अडणारा नको, भाह्या वर करायला सोप्या हव्यात आणि विदर्भाच्या चढत्या उन्हात घाम टिपणारा हवा. एवढ्या अटी लावल्या की हात आपोआप ठरावीक कपड्यांकडे जातो. महिनाभर तेच धुतले जातात, तेच वाळतात, तेच पुन्हा अंगावर येतात.

गच्चीवरची किंवा अंगणातली दोरी एकदा नीट बघा. पंधरा दिवस तिच्यावर जे कपडे फिरून फिरून दिसतात, तो आपला खरा पोशाख. बाकी कपाटात आहे ते नुसते सामान. हे फक्त रोजेदारांच्या घरी घडते असे नाही. कोणत्याही घरची दोरी हेच सांगेल. वीस साड्यांतल्या पाच, पंधरा शर्टांतले चार, दहा ड्रेसमधले तीन. उरलेले घडी घालून, डांबराच्या गोळ्या घालून सांभाळायचे.

मग ते घेतले कशाला? माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे विचारले. एकीने फार सरळ उत्तर दिले. म्हणाली, ‘मॅडम, एकदा फोटोत आला की तो ड्रेस संपला.’ कपडा फाटला की संपतो, हे आमच्या दादीला माहीत होते. कपडा दिसला की संपतो, हे नवे आहे.

दुसरे कारण अहेर. आपल्याकडे, हिंदू घरांत काय आणि मुस्लिम घरांत काय, लग्नकार्यात देण्याघेण्याच्या साड्या आणि शर्टपीस-पँटपीसचे जोड घरोघरी फिरत असतात. त्यातले बरेचसे कोणाच्याच आवडीने निवडलेले नसतात. दिलेल्याने ‘द्यायचे’ म्हणून दिलेले, घेतलेल्याने ‘ठेवायचे’ म्हणून ठेवलेले. एक साडी चार घरे फिरून पुन्हा पहिल्याच घरी आल्याचे किस्से प्रत्येक घरात ऐकायला मिळतात.

तिसरे कारण आशा. दोन किलो वजन उतरले की बसेल, मुलीचे लग्न निघाले की नेसेन, कधीतरी मोठ्या कार्यक्रमाला जाईन. अशा कपड्यांनी कपाटाचा एक कप्पा सहज भरतो.

विणकरांच्या गावाची आठवण

खापा हे गाव कापडाने ओळखले जायचे. कन्हान नदीच्या काठच्या या गावाची नगरपालिका १८६७ सालची. १९०१ च्या जनगणनेत इथे सुमारे साडेसात हजार माणसे होती आणि ब्रिटिश काळातले गॅझेटिअर या गावाचा मुख्य धंदा म्हणून हातमागावरच्या सुती कापडाचे नाव घेते. जिल्ह्यातल्या इतर विणकर गावांचे माग मुख्यतः कोष्टी समाजाच्या घरांत होते. नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आणि कामठीत उत्तरेकडून येऊन वसलेले मोमीन विणकर होते. दोघांची दैवते वेगळी, भाषा वेगळी, पण धोटा एकाच पद्धतीने इकडून तिकडे जायचा आणि सुताला खळ लावायची कामेही सारखीच.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीचे कापड स्वस्त झाले, भरपूर झाले आणि हातमागाला घरघर लागत गेली. पुढे एम्प्रेस मिलचाही भोंगा कायमचा थांबला. आज आपण घालतो त्यातला बराचसा कपडा कुठे विणला, कोणी शिवला, हे कोणालाच ठाऊक नसते.

कापड हाताने निघत होते तेव्हा त्याची किंमत घरातल्या प्रत्येकाला माहीत होती. नऊवार लुगडे मागावरून उतरायला दिवस लागत. म्हणून बायकांचा हिशेब साधा होता. एक अंगावर, एक दोरीवर आणि जमलेच तर एक पेटीत, सणासुदीला. त्यात गरिबी होती, हे मी विसरत नाही. दोन लुगड्यांवर वर्ष काढणाऱ्या बाईला कोणी ‘साधी राहणी’ म्हणून शाबासकी देऊ नये. तिला तिसरे हवे होते आणि ते मिळाले नाही. पण त्याच बाईला आपल्या लुगड्याचा काठ कोणता, पदर कुठे विरला, कोणत्या वर्षी घेतले, हे सगळे तोंडपाठ असे. आपल्याला आपल्या कपाटातले तळाचे दहा कपडे आठवून सांगता येतील का?

शिवाय कपडा संपतही नसे. लुगडे विरले की मऊ भागाची बाळाची दुपटी, झबली होत. उरलेले गोधडीत जाई. आमच्याकडे तिला गुदडी म्हणतात, शेजारी वाकळ म्हणतात. त्यातूनही जे उरे त्याची चुंबळ किंवा पोतेरे. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देऊन जाई, तेव्हा तिच्याशी होणारी घासाघीस हा सगळ्या आळीचा कार्यक्रम असे.

विदर्भाला तर चिंधीची थोरवी वेगळी सांगायला नको. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजी जानोरकरांनी आयुष्यभर चिंध्या जोडलेला वेष घातला आणि अवघ्या महाराष्ट्राचे गाडगेबाबा झाले. त्यांना लोक गोधडे महाराजही म्हणत. सूफींच्या परंपरेत ठिगळांचा खिरका हाच फकिराचा मान. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसे एकाच कपड्यापाशी पोचतात, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

इस्लाम काय सांगतो

आमच्या काही हिंदू मित्र-मैत्रिणींचा समज असतो की ईदला नवे कपडे घेणे हा धर्माचा नियम आहे. खुद्द आमच्यातही अनेकांना तसेच वाटते. परंपरा सांगते ती इतकीच: ईदच्या दिवशी आंघोळ करा, अत्तर लावा आणि आपल्याजवळ असलेल्या कपड्यांतले उत्तम घाला. ‘असलेल्या कपड्यांतले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नवे असले तर आनंदच. नसले तर ईद काही उणी होत नाही.

त्याच वेळी गबाळे राहणे म्हणजे धार्मिकता, असेही इस्लाम मानत नाही. चांगले कपडे, चांगली चप्पल आवडणे हा गर्व आहे का, असे पैगंबरांना विचारले गेले तेव्हा त्यांनी तसे मानले नाही. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. गर्व म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. कुरआनाची शिकवणही अशीच आहे: इबादतीच्या वेळी नीटनेटके, शोभून दिसेल असे राहा, खा-प्या, पण उधळपट्टी करू नका. म्हणजे आवड हवी, अतिरेक नको. पैगंबर आपले कपडे स्वतः टाके घालून दुरुस्त करत, हे त्यांच्या घरच्यांनीच सांगून ठेवले आहे. खलिफा हजरत उमर यांच्या अंगावरच्या ठिगळांची गोष्ट तर आम्ही लहानपणापासून ऐकतो.

एक बाब मात्र फारशी चर्चेत येत नाही. जकातीच्या हिशेबात अंगावर घालायचे कपडे धरत नाहीत. ते गरजेचे मानले जातात. पण ईदच्या नमाजेआधी जो फितरा द्यायचा असतो, तो कोणावर बंधनकारक आहे हे ठरवताना हनफी फिकह वेगळी मोजणी करते. मूळ गरजेपलीकडे घरात पडून असलेले सामानही त्या हिशेबात येते आणि त्यात जादा कपडेही आले. नेमका हिशेब आपापल्या मौलाना साहेबांना विचारावा. पण त्यामागची दृष्टी बघा. वापरातला कपडा ही गरज, पडून राहिलेला कपडा ही संपत्ती. आणि संपत्ती म्हटली की तिच्यावर दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न येतोच. माझ्या कपाटातला न घातलेला सूट मला श्रीमंतांच्या रांगेत उभा करू शकतो, हे कळल्यावर कपाटाकडे बघण्याची नजर बदलते.

बाहेरच्या जगातले शोध

हा विचार जगात वेगवेगळ्या नावांनी फिरतो आहे. लंडनच्या सूझी फो यांनी १९७० च्या दशकात आपल्या दुकानातून ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ ही कल्पना मांडली. थोडे, चांगले, एकमेकांशी जुळणारे कपडे, ज्यांतून रोजचे सगळे भागावे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या डोना करन यांनी सात सोप्या कपड्यांचा संच बाजारात आणला. जपानच्या मारी कोंडो यांचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक २०११ च्या सुमारास आले आणि जगभर गाजले. प्रत्येक वस्तू हातात घ्या, आनंद देत असेल तर ठेवा, नाहीतर आभार मानून निरोप द्या, हे त्यांचे सूत्र. सूत्र छान आहे, पण निरोप दिलेल्या वस्तूचे पुढे काय, याचे उत्तर त्यात फारसे नाही.

ते उत्तर भारतात सापडते. दिल्लीच्या अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ‘गूंज’ संस्था सुरू केली ती घरातल्याच ६७ कपड्यांपासून. शहरांत पडून असलेले कपडे गावांत पोचवायचे, पण भीक म्हणून नाही. गावकऱ्यांनी विहीर खोदली, रस्ता केला, तर त्या कामाचा मान म्हणून. २०१५ मध्ये गुप्ता यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बंगळुरूच्या अंजू मौदगल कदम आणि ॲली मॅथन या दोघींनी वर्षातून शंभर वेळा साडी नेसायची असा संकल्प जाहीर केला. नव्या शंभर साड्या घ्यायच्या नव्हत्या. कपाटात पडलेल्या बाहेर काढून नेसायच्या आणि प्रत्येकीची आठवण सांगायची. देशभरच्या बायका त्यात सामील झाल्या. आईची, सासूची, पहिल्या पगाराची साडी पुन्हा उजेडात आली.

आणि स्वस्त कपड्याची खरी किंमत कोण मोजते, तेही ध्यानात असू द्यावे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ कामगार दगावले. जगातल्या मोठमोठ्या दुकानांसाठी कपडे शिवणारी ती माणसे होती, त्यात तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. आपल्याकडे या साखळीचे दुसरे टोक आहे, ते म्हणजे कापूस पिकवणारा शेतकरी. एका सुती टी-शर्टमागे कापसापासून शिलाईपर्यंत सुमारे २७०० लिटर पाणी लागते, असा हिशेब सांगितला जातो. काटोल-सावनेरकडच्या शेतकऱ्याला कापसाच्या एका वेचणीत काय कष्ट पडतात, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. एवढ्या पाण्याचा आणि घामाचा कपडा आपण दोनदा घालून बाजूला टाकतो.

आवडते ते कसे ओळखावे

आता हाताला येईल अशी पद्धत. ती मी घरात आणि मैत्रिणींकडे वापरून पाहिली आहे.

पहिली गोष्ट, ईदपर्यंत काहीही टाकू नका. फक्त बघा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा आणि रोज काय घातले ते लिहा. रमजान संपेल तेव्हा तुमच्या आवडीची खरी यादी तयार असेल. पाडवा करणाऱ्यांनी चैत्राचा महिना घ्यावा.

मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी सगळे कपडे पलंगावर काढा. सगळे म्हणजे पेटीतले, दिवाणाखालचे, सुटकेसमधलेही. चार ढीग करा. नेहमी वापरतो ते, आवडतात पण दुरुस्ती हवी ते, दुसऱ्याच्या उपयोगी पडतील ते, आणि आठवणीचे.

पहिल्या ढिगाकडे नीट लक्ष द्या, कारण शिकण्यासारखे तिथेच असते. आपण काय टाकावे यापेक्षा आपल्याला काय आवडते हे तो ढीग सांगतो. कापड कोणते? गळा कसा? बाही कुठपर्यंत? खिसा आहे का? रंग कोणते? बहुतेकांना दिसते की हे सगळे कपडे एकमेकांचे भाऊबंद आहेत. आमच्या एका नातेवाईक आपांच्या ढिगात सगळे हलक्या रंगाचे, कॉटनचे, पूर्ण बाहीचे, खिसा असलेले कुर्ते निघाले. कपाटात मात्र निम्मे चमकदार जॉर्जेट. त्यांनी पंधरा वर्षे दुसऱ्याच कोणासाठी तरी खरेदी केली होती.

कापडाचे शास्त्रही थोडे समजून घ्यावे. हवेतला ओलावा धरून ठेवण्याची सुताची क्षमता त्याच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के असते, पॉलिस्टरची अर्धा टक्काही नसते. म्हणून नागपूरच्या उन्हात पॉलिस्टर अंगाला चिकटते आणि सुती कपडा घाम पिऊन वाऱ्यावर गार होतो. ‘हा ड्रेस घातला की का कोण जाणे चिडचिड होते,’ असे आपण म्हणतो, त्याचे कारण बरेचदा एवढेच असते.

दुसरा ढीग शिंप्याकडे न्या. पण आता नको, ईदनंतर. बिचाऱ्यांना आत्ता श्वास घ्यायला वेळ नाही. बाजूची शिवण उसवून आत सोडलेले कापड मोकळे करणे, उंची वाढवणे, चेन बदलणे, साडीला नवा फॉल लावणे, ही शे-दोनशेची कामे एखादा आवडता कपडा चार वर्षे पुढे नेतात. रफू ही तर कलाच आहे. शब्द आमच्या उर्दूतून आला आणि मराठीत कायमचा राहिला. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान् पिढ्या काश्मिरी शालींची भोके अशी बुजवतात की कुठे फाटले होते ते मालकालाही सापडत नाही.

तिसऱ्या ढिगाबद्दल काळजीपूर्वक बोलायला हवे. रमजानमध्ये देण्याची ओढ असते, पण देणे म्हणजे कपाट रिकामे करणे नव्हे. आपण स्वतः डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही अशी वाईट वस्तू निवडून दान करू नका, अशी कुरआनाची ताकीद आहे. आणि आपल्याला प्रिय असलेल्यातून दिल्याशिवाय खरी नेकी मिळत नाही, असेही तिथे सांगितले आहे. तेव्हा द्यायचा कपडा धुतलेला, इस्त्री केलेला, बटणे शाबूत असलेला असावा. ज्याला द्यायचा त्याला चालेल का, आवडेल का, हे आधी विचारावे. नको म्हणण्याची मोकळीक त्यालाही असावी. उरलेल्या विटक्या कपड्यांसाठी गोधडी आहे, फडकी आहेत. ती कोणाच्या माथी ईदचा कपडा म्हणून मारू नयेत.

चौथा ढीग आठवणींचा. अम्मीचा निकाहाचा दुपट्टा, बाळाचे पहिले झबले, अब्बांची शेरवानी. हा हिशेबाबाहेरचा. एका पेटीत मावेल तेवढा ठेवावा आणि शक्य असेल तर त्यातले काही घालावे. आईचा दुपट्टा ईदला खांद्यावर असला की तिची दुआ सोबत आहे असे वाटते. पेटीत ठेवून ते कसे वाटणार?

नवे घेताना

मग काही घ्यायचेच नाही का? घ्यावे. फक्त पहिल्या ढिगाला विचारून घ्यावे. त्यातल्या किमान तीन कपड्यांशी जुळेल का? घरी धुता येईल का? हा घालून कामावर, बाजारात, लग्नाला, नमाजेला यांतल्या निदान दोन ठिकाणी जाता येईल का? कापड उजेडासमोर धरून वीण दाट आहे का पाहावे. सुती असेल तर आधी भिजवून, वाळवून मगच शिवायला टाकावे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि दोष शिंप्याला लागतो.

एक हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. तीन हजारांचा जरीकाम केलेला सूट दोनदा घातला, तर एकदा घालण्याचे दीड हजार पडले. नऊशेचा सुती सूट आठवड्यातून एकदा, दोन वर्षे घातला, तर सुमारे शंभर वेळा. म्हणजे एकदा घालण्याचे नऊ रुपये. महाग कोणता? मुले हसतात, पण वहीत उतरवून घेतात.

मुलांच्या ईदच्या नव्या कपड्यांना मात्र मी हात लावायला सांगणार नाही. ईदगाहच्या वाटेवर नव्या कुर्त्यात चालणाऱ्या पोराचा चेहरा ज्याने पाहिला आहे, तो तसे म्हणूच शकत नाही. उलट मोठ्यांनी आपला जोड एखाद्या वर्षी पुढे ढकलावा आणि त्या पैशात मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराचा, आपल्या पोरासारखाच, नवा कुर्ता व्हावा. चाँदरातला उधारीवर कपडे आणणारे बाप आपल्याच गल्लीत असतात. सहा महिने हप्ते फेडताना त्यांच्या घरात ईदचा आनंद उरत नाही. मोठ्या माणसांनी जुना, धुतलेला, इस्त्रीचा कपडा मानाने घालून ईदगाहला जाणे ही त्या बापासाठी केलेली मोठीच मदत असते. त्याला एकटे वाटत नाही.

दुकानदार आणि शिंप्यांच्या पोटावर यामुळे पाय येईल, ही शंका रास्त आहे. त्यांची वर्षाची कमाई याच दिवसांत होते. पण त्यांचे नुकसान आज कोण करते ते पाहा. मोबाइलवर मागवलेले, बाहेरून शिवून आलेले, दोनदा घालायचे कपडे. गावातल्या दुकानातून चांगले कापड घेऊन गावातल्याच शिंप्याकडून मापाने शिवून घेणारा आणि वर्षभर दुरुस्तीला येणारा माणूस त्यांना परवडतो. हातमागाचे सूत घ्याल तर विदर्भातला एखादा मागही चालू राहील.

कोणासाठी घालतो

मला कधीकधी मैत्रिणी गमतीने विचारतात, ‘बुरख्याखाली काय घातले ते कोण बघते, मग तुम्हा लोकांना कपड्यांची एवढी हौस कशाला?’ मी सांगते, हौस खरी आहे की नाही ते तिथेच कळते. कोणी बघणार नसताना जो कपडा घालावासा वाटतो, तो आपल्या आवडीचा. बाकीचे लोकांच्या आवडीचे. ही कसोटी साडीला, पँट-शर्टला, सगळ्यांनाच लागू पडते.

हज आणि उमऱ्याला जाणारा पुरुष इहरामच्या दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या वस्त्रांत उभा राहतो, तेव्हा कोण मालक, कोण मजूर हे ओळखता येत नाही. शेवटच्या प्रवासाला पुरुषाला कफनाची तीन वस्त्रे, स्त्रीला पाच. पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी अखेरच्या आजारात सांगितले होते की माझ्या अंगावरचेच जुने वस्त्र धुऊन मला कफनात द्या. नव्या कापडाची गरज मेलेल्यापेक्षा जिवंत माणसाला जास्त आहे. चौदाशे वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या शेवटच्या कपड्याचाही हिशेब दुसऱ्याच्या गरजेशी लावला. आपल्याला तर फक्त कपाटाचा लावायचा आहे.

अजून काही रोजे बाकी आहेत. कपाटाच्या दाराला तो कागद आजच लावता येईल. ईदच्या दिवशी आपल्याला आवडणारे, स्वच्छ, अत्तराचा एक थेंब लावलेले कपडे घाला, मग ते या वर्षीचे असोत की पाच वर्षांपूर्वीचे. पाडव्याला गुढी उभारणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनीही तसेच करावे. आणि शीरखुर्म्याला आमच्याकडे जरूर यावे. कपडे कोणते घातले, हे दारात कोणी विचारणार नाही.

सर्वांना रमजान मुबारक.